क्रूझ ठरवताना आधी दवाखाना पाहा, मग बुफे

दिवाळी आटोपली की वर्तमानपत्रांत क्रूझच्या जाहिराती सुरू होतात. मुंबई-गोवा दोन रात्री, लक्षद्वीप चार रात्री, सिंगापूरहून मलेशिया-थायलंड. छायाचित्रांत पोहण्याचा तलाव असतो, बुफेचं लांबलचक टेबल असतं, रात्रीचा नाचगाण्याचा कार्यक्रम असतो. जहाजावर डॉक्टर किती आणि त्यांच्याकडे कोणती यंत्रं, हा मजकूर मला तरी अशा जाहिरातीत अजून दिसलेला नाही. आणि नेमक्या याच सहली आपल्याकडे मुलं आईवडिलांना लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची भेट म्हणून देतात. ‘धावपळ नाही, रोज बॅगा भरायच्या नाहीत, बसल्या जागी समुद्र बघायचा,’ हे त्यामागचं कारण.

ते कारण चुकीचं नाही. गुडघे कुरकुरणाऱ्या माणसासाठी रोज नवं हॉटेल आणि आठ-आठ तासांचा बसप्रवास यांपेक्षा जहाज कितीतरी सुखाचं. माझा आक्षेप क्रूझला नाही, ती हॉटेलसारखी निवडण्याला आहे. हॉटेलात रात्री दोनला छातीत दुखू लागलं तर टॅक्सी करून रुग्णालय गाठता येतं. जहाजावर जे आहे तेवढंच आहे. म्हणून पहिली क्रूझ ठरवताना घरातल्या सगळ्यांत नाजूक प्रकृतीच्या माणसापासून सुरुवात करावी. मार्ग, महिना, खोली आणि कंपनी त्या माणसाला धरून ठरावी. बाल्कनी हवी की नको, हा वाद नंतर घालता येतो.

मोठ्या आंतरराष्ट्रीय जहाजांवरचे दवाखाने बऱ्यापैकी सज्ज असतात. डॉक्टर, परिचारिका, ईसीजी, ऑक्सिजन, हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, रक्ताच्या काही तातडीच्या चाचण्या, बऱ्याचदा एक्स-रे. अमेरिकेतल्या तातडीच्या उपचारांच्या डॉक्टरांच्या संघटनेनं, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्सनं, यासाठी मार्गदर्शक सूचना केलेल्या आहेत आणि अनेक मोठ्या कंपन्या त्या पाळतात. पण तिथे अँजिओप्लास्टी होत नाही, रक्तपेढी नसते, नेहमीच्या सफरीवर डायलिसिसही नसतं. रुग्णाला सावरून धरायचं आणि पुढच्या बंदरापर्यंत किंवा जमलंच तर हेलिकॉप्टरपर्यंत पोहोचवायचं, हे त्या दवाखान्याचं काम. गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, श्वास लागत असलेला किंवा नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेला माणूस बरोबर असेल, तर हा फरक जीवनमरणाचा ठरू शकतो.

आता नियम काय सांगतो ते पाहू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००६चा सागरी श्रम करार म्हणतो की, शंभर किंवा अधिक माणसं नेणाऱ्या आणि एरवी तीन दिवसांहून जास्त काळाच्या आंतरराष्ट्रीय सफरी करणाऱ्या जहाजावर पात्र डॉक्टर असलाच पाहिजे. हा करार मुळात खलाशांच्या हितासाठी झालेला आहे. प्रवाशाला त्याचा लाभ आपसूक मिळतो. त्यातले दोन शब्दप्रयोग मात्र नीट वाचावेत: ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘तीन दिवसांहून जास्त’. शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी परतणारी मुंबई-गोवा फेरी या दोन्हींत बसत नाही. याचा अर्थ तिच्यावर डॉक्टर नसतो असा मुळीच नाही, पण तो असेलच असं गृहीत धरू नये. आरक्षणाआधी ईमेल पाठवून विचारावं: डॉक्टर चोवीस तास उपलब्ध आहे का, ईसीजी आणि ऑक्सिजन आहे का, गंभीर रुग्णाला किनाऱ्यावर कसं नेता. फोनवर ‘सगळं आहे सर, काळजीच करू नका’ हे उत्तर मिळतं. त्यातल्या ‘सगळं’मध्ये काय काय येतं, ते लेखी मागावं. खरं तर ही माहिती कंपन्यांनी आपणहून जाहिरातीत छापायला हवी. इमारतीत लिफ्ट किती हे बिल्डर सांगतो, मग दोन हजार माणसं समुद्रात नेणाऱ्याला दवाखान्यात काय आहे हे सांगायला काय हरकत आहे?

मार्गाचंही तसंच. गोव्याला जहाज मुरगावच्या धक्क्याला लागतं आणि प्रवासी शिडीवरून चालत उतरतात. लक्षद्वीपला तसं नाही. प्रवाळाच्या कड्यामुळे मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि प्रवाशांना छोट्या होडीत उतरावं लागतं. जहाज एका तालात हलतं, होडी दुसऱ्या. मधल्या त्या एका पावलासाठी गुडघे, तोल आणि नजर तिन्ही शाबूत लागतात. खलाशी हात देतात, पण कृत्रिम गुडघा बसवलेल्या सत्तरीच्या बाईंसाठी तो क्षण धोक्याचाच. शिवाय बेटांवरची रुग्णालयं लहान आहेत आणि गंभीर रुग्णाला तिथून हेलिकॉप्टरनं कोचीला हलवावं लागतं. लक्षद्वीपचं पाणी डोळ्यांचं पारणं फेडतं, यात शंका नाही. पण वयस्कर माणसाची पहिली क्रूझ म्हणून मी ते सुचवणार नाही. गोवा किंवा सिंगापूर बरं. जहाजाचं अंग आपल्याला सोसतं का, हे दोन-तीन रात्रींत कळतं. सात रात्रींची भूमध्य समुद्राची सहल त्यानंतर ठरवावी.

‘सोसणं’ म्हणजे मुख्यतः बोट लागणं. मराठीत हा शब्दप्रयोग क्रूझच्या कितीतरी आधीपासून आहे, कारण कोकणात जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून आगबोट पकडावी लागे. पावसाळ्यात ती वाहतूक बंद असायची, आणि आजही अरबी समुद्रात क्रूझचा खरा हंगाम पावसाळ्यानंतरचाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र सर्वांत शांत. मे अखेरीचं स्वस्त तिकीट दिसलं तर ते स्वस्त का आहे, हे ओळखावं.

बोट लागते ती कानामुळे. आतल्या कानातल्या द्रवानं भरलेल्या नळ्या मेंदूला सांगतात की आपण वरखाली होतोय. बंद खोलीत बसलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत आणि मेंदू त्याचा राग पोटावर काढतो. १९७०च्या दशकात अमेरिकेत माणसांना यंत्रावर वरखाली हलवून प्रयोग झाले. त्यांत पाच सेकंदांना एक या संथ गतीचा हेलकावा सर्वांत जास्त मळमळ आणणारा ठरला. मोठ्या लाटेवर जहाज साधारण तसंच हलतं. क्रूझ जहाजांना दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्थिरक असतात. ते डावी-उजवीकडचा डोल बराच आवरतात, नाळ वरखाली होण्यावर मात्र त्यांचा इलाज फारसा चालत नाही.

म्हणून खोली कुठली, हा प्रश्न दर्शनी सौंदर्याचा नाही. सी-सॉची फळी आठवा. टोकावरचं मूल हवेत उडतं, मध्यावर बसलेलं जागचं हलत नाही. जहाजाच्या लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची खोली घ्या. सर्वांत वरच्या मजल्यावरचा, पुढच्या टोकाचा महागडा स्वीट सर्वांत जास्त हलतो. जास्त पैसे मोजून जास्त मळमळ विकत घेण्याचा हा प्रकार आहे. खोलीला खिडकी असेल तर उत्तम, कारण क्षितिज दिसलं की डोळे आणि कान यांचं भांडण मिटतं. मळमळू लागलं की मोबाइल खाली ठेवायचा, डेकवर जाऊन दूर पाहायचं. आलेपाकाची वडी चघळायला हरकत नाही. आल्याचा थोडा उपयोग होतो असं काही अभ्यास सांगतात, आणि न झाला तरी वडी वाया जात नाही.

यात एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. बोट सर्वांत जास्त लागते ती शाळकरी मुलांना; वय वाढतं तसा हा त्रास कमी होत जातो. म्हणजे नातू ओकत असतो आणि आजी मजेत चहा पीत असते. पण घरची मंडळी काळजीपोटी आजीलाच गोळी देतात. प्रोमेथाझीन, डायमेनहायड्रिनेट यांसारख्या गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं. वयस्कर माणसाला भ्रम होऊ शकतो, तोल जाऊ शकतो. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते. काचबिंदूच्या एका प्रकारात या गोळ्या धोक्याच्या. हलत्या जहाजावर गुंगीतला म्हातारा माणूस पडला आणि खुब्याचं हाड मोडलं, तर त्या मळमळीचं कुणाला काही वाटणार नाही. गोळी आपल्या डॉक्टरला विचारून ठरवावी आणि निघण्यापूर्वी एखाद्या दिवशी घरीच घेऊन पाहावी.

दुसरी भीती साथीची. २०२० च्या फेब्रुवारीत योकोहामा बंदरात अडकलेलं ‘डायमंड प्रिन्सेस’ अजून लोकांच्या लक्षात आहे. ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना करोना झाला. जहाजावर शंभराहून अधिक भारतीय कर्मचारी होते. बंद जागेत अनेक दिवस एकत्र खाणंपिणं झालं की श्वसनाचे आजार पसरतातच. म्हणून साठीपुढच्यांनी फ्लूची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी. जहाजावर जगाच्या दोन्ही गोलार्धांतली माणसं एकत्र येतात, त्यामुळे तिथे फ्लूला ठरावीक ऋतू नसतो.

उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसची बदनामी मात्र थोडी जास्तच झाली आहे. अमेरिकेत नोंदवल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या उद्रेकांपैकी जहाजांवरचे सुमारे एक टक्काच असतात. जहाजावरचे कळतात, कारण तिथे मोजदाद सक्तीची आहे. मोजके शंभरेक विषाणूही आजारी पाडायला पुरतात, आणि महत्त्वाचं म्हणजे अल्कोहोलच्या सॅनिटायझरला हा विषाणू फारशी दाद देत नाही. बुफेच्या दारातला सॅनिटायझर तळहाताला चोळून आपण निर्धास्त होतो, ते खरं नाही. साबण आणि पाणीच लागतं. अनेकांचे हात लागलेला डाव धरल्यावर त्याच हातानं पोळी तोडायची, ही आपली सवय इथे अडचणीची ठरते. वाढून घ्यावं, मग हात धुवावेत, मग जेवावं.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे निरीक्षक तिथल्या बंदरांत येणाऱ्या क्रूझ जहाजांची स्वच्छता तपासतात आणि शंभरपैकी गुण देतात. पंच्याऐंशी किंवा त्याहून कमी म्हणजे नापास. हे गुण कुणालाही वाचायला खुले असतात. परदेशी क्रूझ ठरवताना त्या जहाजाचे गुण जरूर पाहावेत. आपल्या बंदरांत आरोग्य अधिकारी जहाजांना आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार स्वच्छतेचं प्रमाणपत्र देतात, ते सहा महिने चालतं. पण त्यात गुण नसतात. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांचेही गुण असे उघड छापले जावेत. त्यासाठी नवं विज्ञान शोधावं लागणार नाही.

विम्याबाबत थोडक्यात, पण स्पष्ट. भारतातल्या बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी देशाबाहेरचा खर्च देत नाहीत, आणि जहाजावरच्या दवाखान्याचं बिल खोलीच्या खात्यावर, परदेशी सफरीत बहुधा डॉलरमध्ये लागतं. प्रवास विमा घेताना क्रूझ, आधीपासूनचे आजार आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च या तिन्हींचा स्पष्ट उल्लेख हवा. मधुमेह, रक्तदाब लपवून घेतलेली पॉलिसी ऐन वेळी नाकारली जाऊ शकते. घरात कुणी गरोदर असेल तर बहुतेक कंपन्या चोवीस आठवडे पूर्ण झाल्यावर चढूच देत नाहीत, हेही आरक्षणाआधी माहीत असलेलं बरं.

औषधं हातातल्या पिशवीत ठेवावीत. मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतल्या जातात आणि खोलीत यायला काही तास लागतात. तोवर दुपारची इन्सुलिनची वेळ टळून जाते. सफरीच्या दिवसांपेक्षा चार दिवसांची जास्त औषधं, आणि औषधांची मूळ नावं लिहिलेली चिठ्ठी. मधुमेह्यांनी डेकवर अनवाणी चालू नये. दुपारच्या उन्हात ते फळकुट तव्यासारखं तापतं आणि बधिर पायांना ते कळत नाही.

जहाज सुटताना सुरक्षेची कवायत होते. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकाला लागून कलंडलं आणि ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम कडक झाला. आपल्याकडे मंडळी ही कवायत चुकवून सेल्फी काढत बसतात. ती करावी, आणि संपल्यावर आईला किंवा वडिलांना घेऊन खोलीपासून जमायच्या जागेपर्यंत एकदा जिन्यानं चालत जावं, कारण संकटात लिफ्ट वापरता येत नाही. किती पायऱ्या आहेत, मध्ये टेकायला जागा आहे का आणि कठडा कुठल्या हाताला येतो, ते बघून ठेवावं.