शाळेचे निर्णय सभागृहात व्हावेत

गेल्या काही वर्षांत सरकारी शाळांविषयी मोठे निर्णय झाले आणि त्यांतले बरेचसे वर्षभरातच गुंडाळावे लागले. फेब्रुवारी 2024 मध्ये शिक्षण हक्काच्या नियमांत बदल झाला. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला 25 टक्के राखीव प्रवेशांतून सूट मिळाली. मूळ कायद्याशी विसंगत ठरवून मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 रोजी तो बदल रद्द केला. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय 16 एप्रिल 2025 रोजी निघाला, 17 जूनला त्यात दुरुस्ती झाली आणि पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, 29 जूनला, दोन्ही मागे घेतले गेले. विषय वेगळे, पण वाट एकच. निर्णय मंत्रालयात ठरला, शाळांवर आला आणि विधिमंडळात त्यावर बोलणे झाले ते आधी नव्हे, नंतर. सार्वजनिक शाळा सुधारायची असेल तर तिच्या पायाभूत गोष्टी शासन निर्णयांवर सोडून चालणार नाही, त्या कायद्यात बसवाव्या लागतील, असे माझे ठाम मत आहे.

गणवेशाचेच पाहा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात 75 टक्के पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. मुलामागे दोन गणवेशांचे 600 रुपये या समितीकडे यायचे आणि ती जवळपासच्या दुकानातून, शिंप्याकडून कपडे घ्यायची. ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेने कापडाची खरेदी राज्यपातळीवर नेली आणि शिलाई बचत गटांकडे दिली. 2024-25 मध्ये स्वातंत्र्यदिन उलटला तरी अनेक शाळांत गणवेश पोचले नव्हते. जे पोचले त्यांच्या मापाच्या तक्रारी आल्या. डिसेंबर 2024 मध्ये खरेदीचा अधिकार पुन्हा समित्यांकडे आला. समितीचे अस्तित्व कायद्यात होते, तिचे अधिकार मात्र कागदाच्या एका पानाने काढून घेता आले. सभागृहात हा विषय आधी आला असता, तर जून महिन्यात लाखो मुलांची मापे कोण घेणार, हा साधा प्रश्न ग्रामीण भागातल्या कुठल्याही आमदाराने विचारला असता.

याहून गंभीर गोष्ट शिक्षकांची. कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे की पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक. पट अठराचा असला तरी दोन, कारण अठरा मुले पाच इयत्तांत विखुरलेली असतात. पहिलीतल्या मुलाला अक्षर गिरवायला बसवायचे त्याच वेळी पाचवीतल्या मुलीचा अपूर्णांक अडलेला असतो. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शिक्षकपदे ठरवण्याच्या, निकषांनी वीसपर्यंत पटाच्या शाळेत दुसऱ्या नियमित शिक्षकाची खात्री काढून घेतली. त्या जागी निवृत्त किंवा कंत्राटी शिक्षक नेमण्याचे ठरले, आणि कंत्राटी नेमणुकीचा निर्णयही पुढे मागे घ्यावा लागला. शिक्षण हक्क कायद्याखाली राज्याने केलेला प्रत्येक नियम विधिमंडळासमोर ठेवावा लागतो. शासन निर्णयाला ते बंधन नाही. त्यामुळे ज्या कागदावर वाडीवस्तीवरच्या शाळेचे जगणे-मरणे ठरते, तो सभागृहाच्या पटलावर आला नाही तरी चालतो.

हा प्रश्न दूरच्या पाड्यांपुरता नाही. सिडकोने खारघर वसवताना शाळांसाठी भूखंड राखले आणि ते खासगी संस्थांना सवलतीच्या दरात दिले. सार्वजनिक शाळा राहिली ती बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे अशा मूळ गावांतून, जिल्हा परिषदेच्या छपराखाली. 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महापालिका झाली, खारघरसह 29 गावे तिच्यात आली, पण त्यांतल्या जिल्हा परिषद शाळांच्या हस्तांतराचा विषय वर्षानुवर्षे रेंगाळला. कारण पैशाचे आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो. शाळा महापालिकेकडे गेल्यावर प्राथमिक शिक्षकांच्या पगाराचा निम्मा भार सर्वसाधारणपणे पालिकेवर येतो. शिक्षण हक्क कायदा ‘स्थानिक प्राधिकरणा’वर शाळेची जबाबदारी टाकतो, पण गावाचे शहर होताना ती किती मुदतीत आणि कोणत्या निधीसह हलवायची, हे बांधून देत नाही. त्यातच 2022 मध्ये पालिकेच्या पहिल्या सभागृहाची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक होता. छत गळले तर पालकाने अलिबागला जिल्हा परिषदेत जायचे की पालिकेत, हेच नक्की नसेल, तर त्या शाळेचा पट घसरतो यात पालकाचा काय दोष?

यावर पहिला आक्षेप असा की कायदा ताठर असतो. सह्याद्रीतला पाडा आणि खारघरचे सेक्टर एका मापाने कसे मोजणार? पण कायद्याने किमान तेवढे ठरवावे, त्यावरचे सगळे त्या त्या ठिकाणी ठरू द्यावे. दोन नियमित शिक्षक ही किमान गोष्ट आहे. दुसरा आक्षेप, विधिमंडळात वेळ जातो. जातो, पण तो वाया जात नाही. गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे 1911 चे विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले, तरी त्या चर्चेने विषय देशापुढे आला. 1917 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले आणि 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेलांचे विधेयक मुंबई प्रांतात कायदा झाले. उलट अडीच महिन्यांत काढून मागे घेतलेल्या निर्णयाने मुलांच्या हाती काहीच ठेवले नाही. तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा: मुलेच येत नसतील तर एवढा खर्च कशासाठी? मुले का गेली ते आधी पाहावे. शिक्षक कमी, इमारतीचा मालक अनिश्चित, धोरण दर जूनला नवे, अशा शाळेतून पालक मूल काढतोच. मग घटलेला पट दाखवून आणखी शिक्षक काढायचे, हा हिशेब शाळा संपवणारा आहे.

शिक्षण 1976 पासून समवर्ती सूचीत आहे, तेव्हा राज्याला कायदा करण्याची मुभा आहे. मराठी सक्तीचा कायदा 2020 मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केला, म्हणजे इच्छाशक्ती असली की हे जमते. सार्वजनिक शाळांसाठी असाच एक कायदा हवा आणि त्यात चार गोष्टी हव्यात. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन नियमित शिक्षक. व्यवस्थापन समितीचे खरेदीचे अधिकार कायद्यातच लिहिलेले. स्थानिक संस्था बदलली तर ठरलेल्या मुदतीत, पगाराच्या निधीसह शाळेचे हस्तांतर. आणि दर अर्थसंकल्पी अधिवेशनात शाळानिहाय रिक्त पदांचा अहवाल. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले होते. ती मागणी आपण कायद्याने मान्य केली आहे. आता सार्वजनिक शाळा टिकवण्याची हमीही कायद्यानेच द्यायला हवी. आपल्या आमदाराला प्रत्येक मतदाराने विचारावे की हे विधेयक सभागृहात कधी मांडणार.