‘राम’ नाव कोणाच्या मालकीचे?

२०१२ साली अमेरिकेतील क्रायस्लर या मोटार कंपनीने एक अर्ज केला. डॉट कॉम, डॉट ऑर्ग याप्रमाणे ‘डॉट राम’ हे नाव इंटरनेटवर आपल्याला मिळावे, अशी तिची मागणी होती. इंग्रजीत ‘रॅम’ म्हणजे मेंढा. त्या नावाच्या मालवाहू गाड्या ही कंपनी विकते. रोमन लिपीत मात्र मेंढा आणि प्रभू रामचंद्र यांची अक्षरे एकच! कंपनीच्या मनात अवमानाचा हेतू होता असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु कोट्यवधी हिंदूंच्या आराध्य दैवताचे नाव एखाद्या उद्योगाच्या खात्यावर चढवायचे की नाही, हे ठरवणार कोण?

हा निर्णय ‘आयकॅन’ या संस्थेच्या संचालक मंडळाचा. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ही संस्था इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहते. मताधिकार असलेले तिचे संचालक अवघे सोळा. भारत सरकारने ‘डॉट राम’ला हरकत घेतली, तशीच ‘डॉट इंडियन्स’ या दुसऱ्या अर्जालाही घेतली. जुलै २०१३ मध्ये दरबान येथील बैठकीत आयकॅनच्या सरकारी सल्लागार समितीने भारताच्या चिंतेची नोंद केली. ही दोन्ही नावे इंटरनेटच्या मूळ यादीत आलेली नाहीत. येथे समाधान मानून स्वस्थ बसावे काय? तसे करणे धोक्याचे ठरेल.

कारण दरबानच्याच बैठकीत दुसरे एक प्रकरण होते. ‘डॉट ॲमेझॉन’ हे नाव त्याच नावाच्या कंपनीला देण्यास ब्राझील, पेरू या नदीखोऱ्यातील देशांचा विरोध होता. तेथे तर समितीने एकमताने विरोधी सल्ला दिला आणि मंडळाने २०१४ मध्ये अर्ज रोखला. कंपनी स्वतंत्र लवादाकडे गेली. सरकारांचा सल्ला नुसता स्वीकारणे पुरेसे नाही, लोकहिताची कारणे मंडळाने स्वतः तपासली पाहिजेत, असा निष्कर्ष लवादाने २०१७ मध्ये काढला. अखेर २०१९ मध्ये मंडळाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. भावना कितीही खरी असो, ती कारणांसह आणि पुराव्यांसह मांडली नाही तर टिकत नाही, हा यातला धडा आहे.

मंडळावर अंकुश कोणाचा? १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत अमेरिकी शासनाचा हात या व्यवस्थेवर होता. तो निघाल्यावर ती जागा ‘अधिकारसंपन्न समुदाया’ला देण्यात आली. त्याचे घटक पाच. त्यांत सरकारे आहेत, नावांचे धोरण ठरवणारे गट आहेत, तसे सामान्य वापरकर्तेही आहेत. पाचांपैकी चार घटक एकत्र आले आणि विरोधात एकाहून अधिक नसला, तर हा समुदाय मंडळाचे अंदाजपत्रक फेटाळू शकतो, इतकेच नव्हे तर सबंध मंडळही घरी पाठवू शकतो.

ही रचना आम्हां सोलापूरकरांना परकी वाटू नये. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेची व्यवस्था देवस्थानची पंच समिती पाहते. पण सात नंदीध्वजांचा मान वेगवेगळ्या समाजांकडे परंपरेने चालत आला आहे. समितीवाचून यात्रेला शिस्त नाही आणि मानकऱ्यांवाचून यात्रेला प्राण नाही. मात्र हा मान टिकतो, कारण मानकरी दरवर्षी ध्वज खांद्यावर घेतो. जो येतच नाही, त्याचा मान कागदावरच उरतो.

आपली अडचण नेमकी येथे आहे. ‘समुदाय’ हा शब्द गोड असला, तरी ज्यांचा धंदा नावांच्या विक्रीवर चालतो ते प्रत्येक बैठकीला हजर असतात. भाविक, विणकर, शिक्षक तेथे नसतात. हजर असलेल्यांच्या हाती सर्व सत्ता दिली, तर लोकशाहीच्या नावाने व्यापाऱ्यांचे राज्य येईल. म्हणून समुदायालाही ‘नाही’ म्हणू शकणारे मंडळ हवेच. त्याचबरोबर सारे सरकारांवर सोपवणे हाही उपाय नव्हे. २०११ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रसंघात इंटरनेटविषयक समितीचा प्रस्ताव मांडला होता. २०१५ मध्ये सरकार, उद्योग आणि समाज यांच्या संयुक्त सहभागाला आपण पाठिंबा दिला. हा बदल योग्यच होता. समाज स्वतः जागा नसेल, तर शासन किती काळ पुरे पडणार?

लोकांनी आवाज उठवला की परिणाम होतो. डॉट ऑर्गची व्यवस्था पाहणारी संस्था शंभर कोटी डॉलरहून अधिक किमतीला एका खासगी गुंतवणूकदार कंपनीला विकण्याचा करार २०१९ मध्ये जाहीर झाला. जगभरच्या सेवाभावी संस्थांनी विरोध केला, कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनीही हरकत घेतली आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनच्या मंडळाने संमती नाकारली.

२०१२ नंतरच्या नव्या फेरीचे अर्ज २०२६ मध्ये घेण्याचे आयकॅनने जाहीर केले आहे. शुल्क एका नावाला २ लाख २७ हजार डॉलर. म्हणजे नावे मागणारे बहुधा धनवंतच असणार. हरकत नोंदवण्याचा, मसुद्यांवर मत कळवण्याचा मार्ग मात्र सामान्यांसाठी खुला आहे. वापरकर्त्यांच्या समितीत स्थानिक संस्थांनाही सदस्य होता येते. आपल्या तरुण अभियंत्यांनी, वकिलांनी आणि भाषेच्या अभ्यासकांनी हे काम राष्ट्रकार्य म्हणून हाती घ्यावे. नंदीध्वज उचलायला खांदा लागतो. दुरून हात जोडून तो पुढे सरकत नाही.