ट्रक कॅम्पर: घर गाडीवर चढेल, पण थळमध्ये उभं कुठे राहील?

पिकअपच्या पाठीवर बसवलेली पांढरी खोली, मागचं दार उघडलं की समोर समुद्र आणि आत गॅसवर उकळणारा चहा. 'कॅम्पर लाइफ'च्या बहुतेक रील्समध्ये दृश्य हेच असतं आणि खालच्या कमेंट्समध्ये प्रश्नही एकच असतो: "कितीला पडतं?"

मुंबईकरांसाठी हे दृश्य प्रत्यक्षात आणायला सोपा किनारा म्हणजे अलिबाग परिसर. २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा आहे. त्यामुळे साधारण तासाभरात गाडीसकट मांडव्याला उतरता येतं. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि रस्त्याने येणाऱ्यांचाही वेळ वाचू लागला.

याच पट्ट्यात अलिबागच्या उत्तरेला थळ आहे. आरसीएफच्या खत कारखान्यामुळे हे नाव राज्यभर माहीत आहे. पण गावाची मूळ ओळख कोळीवाडा, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि समोर समुद्रात उभे असलेले खांदेरी-उंदेरी अशीच आहे. खांदेरीचा समावेश २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यामुळे इथे येणाऱ्यांची संख्या वाढण्याचीच शक्यता जास्त.

अशा गावात पक्क्या भिंतींचा कॅम्पर घेऊन राहायचं असेल, तर किमतीच्या आधी तीन गोष्टी तपासाव्या लागतात: वजन, कागदपत्रं आणि मुक्कामाची जागा. पहिल्या दोन चुकल्या तर भुर्दंड मालकाला बसतो. तिसरी चुकली तर तो गावाला बसतो.

हार्ड-साइडेड ट्रक कॅम्पर म्हणजे नेमकं काय?

ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात किंवा हौदा काढून थेट चासिसवर बसवलेली राहण्याची खोली. तिचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. 'पॉप-अप' कॅम्परचं छप्पर मुक्कामाच्या वेळी वर उचललं जातं आणि मधली भिंत कापडाची असते. 'हार्ड-साइडेड' कॅम्परच्या चारही भिंती पक्क्या असतात. त्या बहुतेक वेळा फायबर किंवा अॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये फोमचा थर भरून बनवतात.

हौद्यात ठेवता आणि उतरवता येणाऱ्या कॅम्परला 'स्लाइड-इन' म्हणतात. अमेरिकेत हा प्रकार लोकप्रिय आहे. कॅम्पर घराच्या आवारात उतरवून ठेवायचा आणि एरवी पिकअप कामाला वापरायचा, अशी ती सोय आहे. भारतात मात्र संपूर्ण गाडीचंच रूपांतर केलेले कॅम्पर जास्त दिसतात. २०२२ मध्ये महिंद्राने आयआयटी मद्रासमध्ये आकाराला आलेल्या 'कॅम्परव्हॅन फॅक्टरी' या कंपनीसोबत डबल-कॅब बोलेरोवर कॅम्पर बनवण्याची घोषणा केली, तेव्हा या विषयाची चर्चा वाढली.

कोकणात पक्क्या भिंतीच का?

पहिलं कारण पाऊस. अलिबागला वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. कापडी भिंत भिजली की ती वाळवल्याशिवाय घडी घालता येत नाही. दमट हवेत ती लवकर वाळत नाही आणि मग बुरशी धरते.

दुसरं कारण उकाडा. फोम भरलेली भिंत बाहेरची उष्णता अडवते, त्यामुळे आतला एसी परिणामकारक ठरतो. तिसरं कारण सुरक्षितता. दाराला नीट कुलूप लागतं आणि कुटुंबाला निर्धास्त झोपता येतं.

पण पक्की भिंत म्हणजे वादळात आसरा नव्हे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा ताशी शंभर किलोमीटरपेक्षा जास्त वेगाच्या वाऱ्याने पत्रे उडाले आणि वाड्यांमधली झाडं आडवी झाली. उंच, चौकोनी खोली पाठीवर घेतलेली गाडी अशा वाऱ्यात जास्तच धोक्यात असते. हवामान विभागाचा इशारा आला की किनारा सोडणं हाच उपाय.

खरा हिशेब वजनाचा

प्रत्येक गाडीचं एक कमाल वजन ठरलेलं असतं. गाडी, माल आणि माणसं मिळून त्याच्यापुढे जाता येत नाही. या कमाल वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरते ती वाहनक्षमता. कॅम्पर निवडताना हाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

एक अंदाजी हिशेब मांडून पाहू. रिकामा कॅम्पर ६५० किलो. पाण्याची ८० लिटरची टाकी म्हणजे ८० किलो. बॅटऱ्या, सोलर पॅनल आणि एसी मिळून १०० किलो. गॅस, भांडी, शिधा, कपडे आणि गाद्या १०० किलो. चार माणसं २६० किलो. बेरीज होते ११९० किलो.

इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या दिमाखदार डबल-कॅब पिकअपची वाहनक्षमता काहीशे किलोंचीच आहे. म्हणजे रील्समध्ये शोभून दिसणारी गाडी या हिशेबात बसत नाही. उलट बाजारात भाजी आणि सिमेंट वाहणारी बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धा टनापेक्षा जास्त भार घेते. अर्थात मालवाहू पिकअपच्या पुढच्या केबिनमध्ये दोन-तीन जणांचीच जागा असते आणि तिचं सस्पेन्शन मालासाठी बनवलेलं असल्याने हादरेही जास्त बसतात.

वजन किती आहे इतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या खाली, मागच्या चाकांच्या थोड्या पुढे असाव्यात. टपावर सामान चढवलं तर वळणावर गाडी झोके खाते. त्यामुळे विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा पाणी, सामान आणि माणसांसह गाडी वजनकाट्यावर चढवणं चांगलं. काट्याची पावती काही रुपयांत मिळते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी झालेल्या कायदादुरुस्तीनुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

याचा अर्थ कॅम्पर बेकायदेशीर आहे असा नाही. खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनला केंद्राच्या वाहन वर्गीकरणात बिगर-वाहतूक गटात जागा आहे. राहण्याच्या गाडीसाठी 'एआयएस-१२४' हे वेगळं मानकही आहे. त्यात बसण्याची जागा आणि टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाचे कप्पे या गोष्टी किमान अपेक्षित आहेत. ही सामग्री गाडीत पक्की बसवलेली असावी लागते. पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्था अशा वाहनांची चाचणी करून प्रमाणपत्र देतात.

अडचण येते ती स्लाइड-इन कॅम्परची. तो पक्का जोडलेला नसतो आणि खालची पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असते. म्हणून तो या व्याख्येत नीट बसत नाही. रस्त्यावर त्याच्याकडे 'माल' म्हणून पाहिलं जाण्याची शक्यता जास्त आणि चालत्या मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवणं हा वेगळाच गुन्हा होऊ शकतो. अपघात झाला तर विमा कंपनीही याच मुद्द्यावर बोट ठेवू शकते.

म्हणून गॅरेजवाल्याचं "पासिंग आमच्याकडे लागलं" हे तोंडी आश्वासन पुरेसं नाही. रूपांतराचं मान्यता प्रमाणपत्र, बदल नोंदवलेलं आरसी आणि त्याच वर्णनाचा विमा, हे तिन्ही कागद पाहिल्यावरच पैसे मोजावेत. परवान्याच्या बाबतीत मात्र दिलासा आहे. साडेसात टनांपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

थळमध्ये राहायचं तर काय आडवं येतं?

अलिबागच्या गावांमधले आतले रस्ते बैलगाडीच्या काळातले आहेत. दोन्ही बाजूंना वाड्यांचे गडगे, वर झुकलेल्या फांद्या आणि खाली ओघळलेल्या विजेच्या तारा. पिकअपवर बसवलेल्या पक्क्या कॅम्परची एकूण उंची तीन मीटरच्या आसपास जाते. नकाशातला सर्वात जवळचा रस्ता अशा गाडीसाठी सर्वात वाईट ठरू शकतो.

वाडीत जागा मिळाली तरी माडाखाली गाडी लावणं धोक्याचं. वरून पडलेला नारळ छपराला भोक पाडू शकतो. शिवाय माडांच्या सावलीत सोलर पॅनल फारसं काही देत नाही. आणि उन्हात गाडी लावली तर एसीशिवाय राहवत नाही.

एसीचा हिशेबही आधीच करावा. एक टनाचा एसी साधारण एक किलोवॅट वीज घेतो. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत जेमतेम अडीच युनिट वीज साठते. म्हणजे एसी अडीच-तीन तास चालेल. एप्रिल-मेमधली रात्र त्यात निघत नाही. बाहेरून विजेची जोडणी मिळाली नाही, तर उरतो जनरेटर, आणि त्याचा आवाज शेजारच्या घरांना रात्रभर सहन करावा लागतो.

खारा वारा हा आणखी एक शत्रू. तो आधी स्क्रू, बिजागऱ्या आणि चासिस धरतो. परतल्यावर गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुवावी लागते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचतो. म्हणून बंद खोलीत खालच्या बाजूला झरोका असायलाच हवा.

आणि रील्समध्ये काहीही दिसलं, तरी वाळूत गाडी उतरवू नये. भरतीच्या पाण्यात फसलेल्या पर्यटकांच्या गाड्या ओढून काढण्याचे प्रसंग या किनाऱ्यावर पुन्हा पुन्हा येतात. थळची वाळू रिकामी दिसली तरी ती होड्या ओढण्याची, जाळी पसरण्याची जागा आहे. ती कोळी बांधवांची रोजच्या कामाची जागा आहे.

पाणी कुणाचं, मैला कुणाकडे?

कॅम्परमधल्या कॅसेट टॉयलेटची टाकी साधारण वीस लिटरची असते. चौघांच्या कुटुंबात ती दोन-तीन दिवसांत भरते. हॉटेलात उतरलेल्या पर्यटकाला हा प्रश्न कधी पडतच नाही. कॅम्परवाल्याला तो दर दोन-तीन दिवसांनी पडतो.

गावांमध्ये शहरासारखं मलनिस्सारणाचं जाळं नसतं. घरोघरी सेप्टिक टँक आणि शोषखड्डे असतात. टाकी तिथे रिकामी करता येते, पण मालकाला विचारून. टाकीत फॉर्माल्डिहाइडसारखं रसायन घातलेलं असेल तर सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे जिवाणू मरतात आणि त्या घराची व्यवस्था बिघडते. मैला खाडीत, ओढ्यात किंवा झाडीत ओतणं हा तर जलप्रदूषण कायद्याचाही भंग आहे. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी पीत असलेल्या लोकांसाठी हा थेट आरोग्याचा प्रश्न आहे.

पाण्याचंही तसंच. उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या विहिरींची पातळी खाली जाते, उपसा वाढला की पाणी मचूळ होतं. एका कॅम्परचे ८० लिटर हे काहीच नाहीत. पण दर शनिवार-रविवारी वीस कॅम्पर आले, तर पाणी कुठून भरायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं.

धोरण आहे, मग पार्क?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. गाड्यांसोबत 'कॅराव्हॅन पार्क' हा त्याचा दुसरा भाग आहे. पाणी, वीज, रस्ता आणि स्वच्छतागृह असलेली जागा सरकारी किंवा खासगी जमिनीवर उभारायची आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदवायची, अशी ती कल्पना आहे. नोंदणी केलेल्यांना काही करसवलतीही आहेत. केरळनेही त्याच वर्षी असं धोरण आणलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये वागमणला पहिला पार्क सुरू केला.

या धोरणात गाडीपेक्षा पार्क जास्त महत्त्वाचा का, हे समजायला पंढरीच्या वारीकडे पाहावं. दिंडीमागच्या ट्रकमध्ये तंबू, शिधा, भांडी असा अख्खा संसार असतो. तरी तो संसार चालतो तो मुक्कामाच्या गावी टँकर, तात्पुरती शौचालयं आणि वीज यांची तयारी केलेली असते म्हणून. चाकांवरचं घर कधीच स्वयंपूर्ण नसतं. त्याची पाणी, वीज आणि सफाई दुसऱ्या कुणीतरी पुरवलेली असते.

थळसारख्या गावाला यात संधीही आहे. इथल्या अनेक कुटुंबांना खोल्या भाड्याने देण्याचा आणि घरगुती जेवण देण्याचा अनुभव आहे. वाडीतली दोन गाड्यांची मोकळी जागा, एक नळ, एक वीजजोडणी, पुरेशा क्षमतेचा सेप्टिक टँक आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण एवढ्यातून कॅम्परचा मुक्काम होऊ शकतो. असं झालं नाही, तर कॅम्परवाला आपला शिधा मुंबईहून आणेल, पाणी गावातलं वापरेल आणि कचरा मागे ठेवून जाईल. मग गावाने त्याला नकार दिला, तर तो समजण्यासारखा असेल.

घेण्याआधी काय करावं?

पक्क्या भिंतींचा कॅम्पर कुणासाठी योग्य, याचं उत्तर वापरावर आहे. वर्षातून तीन-चार वीकेंड बाहेर पडणाऱ्यांना भाड्याचा कॅम्पर किंवा थळमधलीच एखादी खोली स्वस्त पडेल. वर्षातले दोन-तीन महिने रस्त्यावर काढणारे, पावसातही फिरणारे आणि गाडी ठेवायला स्वतःची जागा असलेले यांच्यासाठी हा खर्च विचार करण्याजोगा आहे.

त्यांनीही आधी दोन रात्रींसाठी भाड्याचा कॅम्पर घ्यावा, शक्यतो मे महिन्यात किंवा ऐन पावसात. निघण्यापूर्वी रो-रोच्या तिकीट खिडकीवर गाडीची लांबी-उंची आणि गॅस सिलिंडरबद्दलचा नियम विचारावा. आणि ज्या वाडीत उतरायचं तिथे फोन करून ठरवून घ्यावं: गाडी आत शिरेल का, रात्री वीज मिळेल का आणि टाकी कुठे रिकामी करायची? या तीन प्रश्नांना होकार मिळाला, तरच किमतीची चौकशी सुरू करण्यात अर्थ आहे.