सातबारा नसलेल्यांचा कृषी विस्तार कोण करणार?

दरवर्षी 18 मे रोजी, आपल्या वर्धापनदिनी, परभणीचे कृषी विद्यापीठ खरीप मेळावा भरवते. बियाण्यासाठी सकाळपासून रांग लागते, मंडपात शास्त्रज्ञांची भाषणे होतात, स्टॉलवर औजारे मांडलेली असतात. मेळावा उपयोगाचा आहे, यात वाद नाही. पण मित्रांनो, त्या गर्दीत दुसऱ्याच्या रानात पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारा मजूर शोधा. कापूस वेचणारी बाई शोधा. गायरानावर वर्षानुवर्षे ज्वारी पेरणारा आपला माणूस शोधा. त्यांना कोणी अडवलेले नाही. फक्त बोलावण्याच्या यादीत ते कधी आलेच नाहीत.

कृषी विद्यापीठाची कामे तीन: शिक्षण, संशोधन आणि विस्तार. विस्तार म्हणजे प्रयोगशाळेतले ज्ञान शिवारापर्यंत नेणे. या कामाचे रूप सतत बदलत गेले. जागतिक बँकेच्या पैशातून आलेल्या ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धतीत गावातला एक ‘संपर्क शेतकरी’ निवडायचा, त्याला सांगायचे आणि त्याने इतरांना सांगायचे, अशी रीत होती. हा संपर्क शेतकरी कोणाच्या वाड्यात राहायचा, हे सांगायला संशोधन लागत नाही! त्याचे ज्ञान वाड्यावरून वस्तीपर्यंत झिरपेल, ही अपेक्षा मनुस्मृतीच्या देशात करणे म्हणजे भाबडेपणाच. पुढे ‘आत्मा’ योजना आली, गट आले, उत्पादक कंपन्या आल्या. आता व्हॉट्सॲपवर हवामानाचा सल्ला येतो आणि विस्ताराचे शास्त्रज्ञ बाजारपेठ, ब्रँडिंग, निर्यात यांवर बोलतात. सल्लागार आता बाजाराचा जोडारी झाला. बदलला नाही तो एकच कागद, सातबारा. ज्याच्या नावावर तो आहे तोच शेतकरी.

त्या शेतकऱ्यापर्यंत तरी विद्यापीठ पोहोचले का? 2003 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत सुमारे 60 टक्के शेतकरी कुटुंबांना आधुनिक शेतीची माहिती कोणत्याच स्रोताकडून मिळालेली नव्हती. बी-बियाणे, खते, औषधे विकणाऱ्यांकडून माहिती घेणारे 13 टक्के होते. कृषी विज्ञान केंद्राकडून घेणारे 0.7 टक्के. म्हणजे विद्यापीठाची जागा दुकानदाराने घेतली होती. आणि दुकानदार सल्ला देतो तो माल खपवण्यासाठी.

याची किंमत 2017 साली यवतमाळने मोजली. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात गेली. त्यात रोजंदारीवर फवारणारे मजूरही होते. कोणते औषध किती घ्यायचे, दोन औषधे एकत्र करायची की नाही, वारा कोणत्या बाजूने असताना थांबायचे, हे सगळे विस्तार शिक्षणाचेच विषय. पण ते ज्याला शिकवायचे तो मालक आणि विष अंगावर घेतो तो मजूर.

‘ज्याला जमीनच नाही त्याला शेतीचे ज्ञान कशाला?’ असे विचारले जाते. 2011 च्या जनगणनेत शेतकरी 11.88 कोटी आणि शेतमजूर 14.43 कोटी. शेती करणाऱ्यांत बहुसंख्य कोण, ते उघड आहे. बाबासाहेबांनी 1918 मध्येच लहान धारणांवरच्या निबंधात दाखवून दिले होते की प्रश्न नुसत्या तुकड्याच्या आकाराचा नाही, तर त्या जमिनीवर भांडवल आणि श्रम किती लागतात याचा आहे. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तर त्यांनी जमीन राज्याच्या मालकीची, कसणारे सामूहिक, आणि पाणी, औजारे, खत, बियाणे पुरवण्याची जबाबदारी राज्याची अशी मांडणी केली. जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूरही नाही. आजचा विस्तार त्या भूमिहीनाला मोजायलाही तयार नाही.

आपली कृषी विद्यापीठे अमेरिकेच्या नमुन्यावर उभी राहिली. तिथेही 1862 च्या कायद्याने निघालेली महाविद्यालये दक्षिणेत गोऱ्यांची राहिली. 1890 मध्ये काळ्यांसाठी वेगळी सोय झाली, पण 1914 च्या विस्तार कायद्याचा पैसा तिथल्या राज्यांनी गोऱ्यांच्याच महाविद्यालयांतून फिरवला. तरी त्याआधीच, 1906 मध्ये, टस्कीगीहून एक घोडागाडी बियाणे आणि औजारे घेऊन काळ्या वाटेकऱ्यांच्या वस्त्यांवर गेली होती. त्या वाटेकऱ्यांच्या नावावर जमीन नव्हती. आपण नमुना आणला, ती गाडी आणायची विसरलो.

आता आपल्या पोरांशी थोडे बोलायचे आहे. आरक्षणातून राहुरी, अकोला, दापोली, परभणीला आपली मुले-मुली शिकतात. शेवटच्या वर्षी ‘कृषीदूत’, ‘कृषीकन्या’ म्हणून गावात राहतात, चौकात रांगोळीने गावाचा नकाशा काढतात. त्या नकाशात बौद्धवाडा असतो. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक तिथे किती वेळा होते? फवारणी मजुरांचे एक तासाचे शिबिर घ्यायला कोणाची परवानगी लागते? स्पर्धा परीक्षेचा अभ्यास जरूर करा, पण ते चार महिने वाया घालवू नका.

आणि कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्राकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. प्रशिक्षणाच्या अहवालात अनुसूचित जातींचा रकाना असतो. त्यापुढचे विचारा: गेल्या तीन वर्षांतल्या प्रशिक्षणार्थींपैकी भूमिहीन किती, गायरानधारक किती, अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीतून वस्तू किती वाटल्या आणि त्या वापरायला शिकवले किती जणांना? तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करा, आणि आले तर ते घेऊन पुढच्या 18 मे रोजी परभणीच्या मंडपात भेटू. जय भीम!