खाडीचा गाळ उन्हाळ्यात उपसू नका



खाडीत मासे मेले की रात्री कुठला रसायनांचा टँकर रिकामा झाला याची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण उल्हास खाडीच्या काठी राहणारा, आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेला माणूस म्हणून सांगतो, टँकर आला नाही तरी उन्हाळ्यात या खाडीचा तळ गुदमरतो. कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्गासाठी (राष्ट्रीय जलमार्ग 53) गाळ उपसायचा असेल, तर निदान त्या महिन्यांत उपसू नये.

पावसाळ्यात नदी खाडी धुऊन काढते. संक्रांतीनंतर नदीचं पाणी आटतं, शहरांचं सांडपाणी मात्र तेवढंच येतं आणि भरती-ओहोटीबरोबर मागेपुढे हेलकावत कुजत राहतं. त्यात प्राणवायू संपतो. शिवाय तापलेलं पाणी तो कमी धरतं: गोडं पाणी 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात, खारं त्याहून कमी. मासळीच्या पाण्यात किमान 4 मिलिग्रॅम हवा, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचाच निकष. भांगाच्या, म्हणजे कमजोर भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी नीट घुसळत नाही, तेव्हा तळाची अवस्था सर्वांत वाईट.

शेजारच्या कोळीणकाकू ओहोटीला चिंबोऱ्या धरायला गुडघाभर चिखलात उतरतात. वर बोटभर तपकिरी थर, खाली काजळासारखा गाळ, सडक्या अंड्याचा वास. मे महिन्यात त्यांची चांदीची जोडवी काळी पडतात. हे गंधकाचं काम. शिसं, जस्त, कॅडमियम हे धातू त्या काळ्या गाळात असेच गंधकाशी बांधलेले असतात. वरचा तपकिरी थर म्हणजे लोह-मँगनीजचा गंज. तळाचा प्राणवायू संपला की हा गंज विरघळतो आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक, कोबाल्ट पाण्यात सुटतं. ड्रेजरने काळा थर वर आणला की उलटं घडतं: गंधकाची गाठ सुटून धातू मोकळे होतात, आणि पाण्यातला उरलासुरला प्राणवायूही हा गाळच खातो.

पाऱ्याची धास्ती मला जास्त वाटते. या खोऱ्यात पारा वापरून कॉस्टिक सोडा बनत असे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी उल्हास खाडीच्या गाळातल्या पाऱ्यावर 2003 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. ती पद्धत मागे पडली, गाळातला पारा कुठे गेलेला नाही. प्राणवायू नसलेल्या गाळातले जिवाणू त्याचा मिथिल पारा करतात आणि तो माशांत साठतो. जपानमध्ये मिनामाताला माणसं ज्यानं मेली, ते विष हेच.

मागच्या मे महिन्यात एका सरकारी कार्यालयाची माणसं धक्क्यावरून बादली सोडून नमुना घेताना पाहिली. सकाळचे साडेअकरा, भरती पूर्ण. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं, भरतीनं समुद्राकडचं ताजं पाणी आलेलं. त्या बादलीत आकडा चांगलाच येणार. नमुना तळाचा घ्या, पहाटे घ्या, ओहोटीला घ्या, भांगाच्या दिवशीही घ्या. नुसत्या पाण्यातले नव्हे, गाळातले आणि बाजारात येणाऱ्या बोय-चिंबोरीतलेही धातू मोजा.

गाळ काढायचाच, तर दिवाळी ते संक्रांत काढा, खाडीत दम असतो तेव्हा. आणि तो काढण्याआधी दोन गोष्टी प्रत्येक जेट्टीवर मराठीत लिहून लावा: या गाळात पारा किती आहे, आणि हा गाळ तुम्ही नेऊन टाकणार कुठे.

– एक वाचक, ठाणे