फडताळातील पुस्तके



पावसाळ्यात वाटा चिखलाने भरल्या की घरोघरच्या भेटी आपोआप कमी होतात आणि मजसारख्याचा हात पुस्तकांच्या फडताळाकडे वळतो. हे फडताळ काही शिस्तीने लावलेले नाही. संतचरित्राला खेटून रहस्यकथा उभी असते, तर तिच्या पाठीशी, कोपरे दमट झाल्यामुळे उघडे करून ठेवलेले, ‘ख्रिस्तपुराण’. माझे वाचनही तसेच, हाती येईल ते. गेल्या महिन्यात धर्मग्रामातील एका मातेने मला विचारले, “फादर, मुलांनी कादंबऱ्या वाचाव्यात की नाही?” मी तिला तेव्हा उत्तर दिले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

‘ख्रिस्तपुराणा’विषयी एक कबुली प्रथम देऊन टाकतो. मनातल्या मनात वाचू लागलो की दहाव्या पानावर माझे डोळे मिटतात. दोष ग्रंथाचा नव्हे, वाचण्याच्या पद्धतीचा. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यास आले आणि त्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. आमची जुनी पुराणे गेली, आता त्यांच्या जागी आम्हांस काही द्या, अशी मागणी नवख्रिस्ती लोकांनी केली, आणि त्यातून ह्या जवळजवळ अकरा हजार ओव्या जन्मल्या. त्या कानांसाठी आहेत. रोजरी आटोपल्यावर पंधरावीस ओव्या मोठ्याने म्हणून पाहा. जे शब्द मला कोशात शोधावे लागतात ते घरातील आजीबाईंना सहज उमगतात, असा माझा अनुभव आहे. पहिल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. लोकांनी हाताने उतरून घेतले, म्हणून पुराण वाचले.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मात्र कशीही वाचा. लक्ष्मीबाई प्रॉटेस्टंट पंथाच्या, एवढ्याच कारणाने हे पुस्तक आपल्यापैकी काहींच्या घरात आले नसेल, तर तो तोटा आपलाच. १९३४ सालापासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. सोवळ्यापायी बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुवायला लावणारे त्यांचे वडील एकदा भेटले म्हणजे जन्मभर विसरत नाहीत. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो पाच वर्षांनी, तोही पतीच्या आग्रहाला वश होऊन नव्हे, स्वतःच्या विचाराने. त्या पाच वर्षांतला एकटेपणा त्या हसत हसत सांगतात, आणि वाचणाऱ्याचा घसा दाटून येतो. मराठीतील एकच आत्मचरित्र निवडण्याची वेळ आली तर मी हेच उचलीन.

रणजित देसाई हे आपल्या सीमाभागातील कोवाडचे, म्हणून ‘स्वामी’चा इकडे अभिमान फार. १९६२ साली निघालेल्या ह्या कादंबरीस १९६४ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. भाषा गोड, अतिशय गोड. माझ्यासारख्याला तर ती पंचपक्वान्नांच्या जेवणासारखी जड होते. माधवराव पेशवे सत्ताविसाव्या वर्षी थेऊरास क्षयाने गेले, हे दुःख मोठे खरेच. परंतु रमाबाईंच्या सती जाण्याभोवती जे तेजोवलय उभे राहते, ते मला सोसत नाही. एक तरुण स्त्री आगीत जाते, तेथे वाचकाने हात जोडावेत की धाव घ्यावी?

बाबूराव अर्नाळकरांविषयी दोनच शब्द. त्यांनी हजारांवर रहस्यकथा लिहिल्या; त्यांतल्या पन्नासएक मी सेमिनरीत पांघरुणाखाली बॅटरीच्या उजेडात वाचल्या. झुंजारने माझी लॅटिनची परीक्षा बुडविली. बाकी काही अपाय केल्याचे आठवत नाही.

आता व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझेराब्ल’. १८६२ सालची ही कादंबरी १८६४ पासून १९५९ पर्यंत आपल्या चर्चच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत होती. ती यादीच पुढे १९६६ साली संपुष्टात आली. आणि पुस्तक उघडताच भेटतात कोण, तर बिशप मिरिएल! एकोणीस वर्षांची सक्तमजुरी भोगून आलेला ज्यां व्हालज्यां त्यांच्याच घरची चांदीची भांडी पळवतो. शिपाई त्याला धरून आणतात, तेव्हा बिशप म्हणतात की ती भांडी मीच दिली होती, आणि वर चांदीच्या दोन समया देतात. इतका चांगला बिशप मला दुसऱ्या कोणत्याही कादंबरीत भेटलेला नाही. (वॉटर्लूच्या लढाईची पाने मी उडवली. आपणही खुशाल उडवावीत.)

यादी गेली, पण यादी करण्याची सवय जात नाही. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, मी नवाच धर्मगुरू असताना, कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाच्या हाती भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ पाहिली. हा मुलगा बापाला उलट बोलू लागला आहे, अशी तक्रार त्याच्या आईने केलीच होती. मी दोन पाने चाळली. नायक पांडुरंग सांगवीकर गाव सोडून पुण्यास शिकायला जातो आणि कशाचीच बूज राखत नाही, एवढे दिसले. “हे परत कर,” मी म्हणालो. त्याने विचारले, “फादर, आपण वाचलीत?” मी म्हणालो, “आवश्यकता नाही.” त्याने पुस्तक वाचनालयात परत केले. नंतर तो माझ्याकडे कधी आला नाही.

पुढे काही वर्षांनी धर्मग्रामातील एक सात वर्षांची मुलगी तापाने गेली. अंत्यविधीच्या वेळी मी देवदूतांविषयी बोललो. बापाने एकदाही मान वर केली नाही. माझे शब्द त्याच्यापर्यंत पोचले नाहीत, हे मला तेथेच कळले. त्याच सुमारास बेळगावला गेलो असता ‘कोसला’ विकत घेतली आणि ह्या खेपेस पहिल्या पानापासून वाचली. त्यात पांडुरंगाची धाकटी बहीण मनी मरते. ती पाने वाचताना मला त्या बापाची खाली घातलेली मान दिसत होती. समजूत घालणारा एकही शब्द तेथे नाही. आहे तो नुसता आक्रोश, जो मी त्या दिवशी ऐकूनही घेतला नव्हता. उलट बोलणारा तो नायक बापावर रागावतो खरा, परंतु त्या रागाच्या तळाशी काय आहे, हे दोन पाने चाळून समजण्याजोगे नव्हते.

त्या मातेस मी आता निरोप धाडला आहे की मुलाच्या हातातले पुस्तक काढून घेऊ नका. त्याचे वाचून झाले की मजकडे पाठवा, मीही वाचीन, मग तिघे मिळून बोलू. पंधरा वर्षांपूर्वीचा तो मुलगा आता पुण्यास नोकरीला आहे. त्याचा पत्ता मिळवून त्याला पत्र लिहिले आणि सोबत ‘कोसला’ची प्रत धाडली. उत्तर अद्याप आलेले नाही.