सात ठोकळ्यांची तोफ

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, देवगडजवळच्या जामसंड्यात घर बांधायला काढले की आधी दारात चिऱ्यांचा ट्रक येतो. जांभ्याच्या खाणीतून कापून काढलेले तांबडे, सच्छिद्र, एका मापाचे दगड. गवंडी ते एकावर एक रचत जातो आणि वरच्या थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येऊ देत नाही. हे काम पाहत वाढलेल्या मुलाच्या हातात लेगोचे किंवा तसल्या कुठल्याही कंपनीचे प्लॅस्टिकचे ठोकळे दिले, तर त्याला भिंत कशी उभारायची ते शिकवावे लागत नाही. सांधा चुकवायचा असतो, हे त्याने अंगणात उकिडवे बसून आधीच पाहून ठेवलेले असते.

त्याला अडते ते तोफेपाशी.

दिवाळीचा किल्ला हा प्रकार मूळचा जास्त देशावरचा. पुणे, सातारा, कोल्हापूर ही त्याची खरी गावे. दक्षिण कोकणात नरकासुर, पायाखाली फुटणारे कारीट आणि पाच तऱ्हांचे पोहे यांचा मान मोठा. पण मातीचे किल्ले आता इकडच्या अंगणांतही होतात. त्यातच जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले आणि त्यांतले दोन, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग, याच जिल्ह्यातले निघाले. विजयदुर्ग तर देवगड तालुक्यातलाच. तेव्हा यंदाच्या किंवा पुढच्या दिवाळीत जामसंड्याच्या एखाद्या अंगणात विजयदुर्ग उभा राहिला, तर नवल नाही. बुरूज तांबड्या मातीचे, तटावर पेरलेली मोहरी, आणि तोफा? त्या बाजारातून आणलेल्या. सोनेरी रंगाच्या, एका साच्यातल्या, डझनावारी. रायगडावर त्याच, जंजिऱ्यावर त्याच, विजयदुर्गावरही त्याच.

या डझनावारी तोफांविरुद्ध बोलायला हवे. तोफ मुलाने स्वतः करावी, ठोकळ्यांची करावी आणि ती कुठल्या तरी एका खऱ्या तोफेच्या मापाची असावी.

मापाचे गणित दिसते तेवढे अवघड नाही. लेगोचा छोटा माणूस साधारण चार सेंटिमीटर उंचीचा असतो. तो पाच फूट सहा इंचांचा गोलंदाज आहे असे धरले, तर प्रमाण पडते एकास बेचाळीस. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, आणि डोक्यावरच्या दोन शेजारी उंचवट्यांमधले अंतर बरोबर ८ मिलिमीटर. १९५८ साली डेन्मार्कच्या बिलुंड गावातल्या या कंपनीने वर उंचवटे आणि पोटात नळ्या अशा रचनेचे पेटंट घेतले. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो, इतके हे माप घट्ट आहे.

आता अठराव्या शतकातली जहाजावरची २४ पौंडी तोफ घ्यावी. गोळा सुमारे ११ किलोंचा, व्यास १४ सेंटिमीटरच्या आसपास. बेचाळीसने भागले की उरतात तीन मिलिमीटर आणि वर थोडे. एका उंचवट्याच्या गोल ठोकळ्याच्या डोक्यावर जे भोक असते, ते नेमके ३.२ मिलिमीटरचे! लेगोच्या माणसाच्या मुठीत बसणारी दांडी त्यात जाते. नळीची लांबी नऊ-साडेनऊ फूट, म्हणजे या प्रमाणात सात सेंटिमीटरला किंचित कमी. सात गोल ठोकळे एकावर एक बसवले की काम झाले. तोंडाकडची जाडीही जुळते. मागचा भाग मात्र बारीक राहतो, कारण खरी तोफ बुडाशी, जिथे दारूचा स्फोट होतो तिथे, जाड असते. ती जाडी कशी आणायची, यावर मुलाची एक दुपार सहज जाते, आणि ती वाया गेली असे कोणी म्हणू नये.

उलट, कंपनीने स्वतः काढलेली तोफ पाहा. १९८९ साली लेगोच्या समुद्री चाच्यांच्या जहाजांबरोबर स्प्रिंगची तोफ आली. ती एक गोल ठोकळा खरोखर उडवायची; अमेरिकेत विकलेल्या संचांतली तोफ मात्र मुकी ठेवलेली होती. तो उडणारा ठोकळा ८ मिलिमीटर रुंद. बेचाळीस पट केला तर ३३ सेंटिमीटर, आणि तेवढा लोखंडी गोळा भरतो सव्वाशे किलोंच्या वर. असला गोळा उचलून तोफेत घालायला लेगोच्या माणसाला शेजारपाजारचे बोलवावे लागले असते. खेळणे म्हणून हे चालते. पण खेळण्याचे खोटे कुठे आहे, हे मोजून काढण्यातही खेळच आहे.

मुळात तुकड्यांची तोफ म्हणजे काही पोरखेळ नव्हे. तोफा दोन तऱ्हांनी घडत. एक ओतीव, दुसरीत लोखंडाच्या लांब पट्ट्या गोलाकार उभ्या करायच्या आणि त्यांवर तापवलेली कडी एकामागून एक चढवून ठोकायची. कडे निवले की आवळते आणि पट्ट्या जखडून धरते. गडकिल्ले हिंडणारे अशा तोफांना बांगडी पद्धतीच्या तोफा म्हणतात. तंजावरच्या पूर्व वेशीजवळच्या बुरुजावर साडेसात मीटरची अशी तोफ आहे. ती नायकांच्या काळातली, पण पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे त्या शहरावर भोसल्यांचे राज्य होते. एडिंबरोच्या किल्ल्यावरची १४४९ ची ‘मॉन्स मेग’ही याच जातीची. गोल ठोकळ्यांवर ठोकळे चढवणारा मुलगा नकळत त्याच लोहारांच्या वाटेने जातो, फक्त भाता आणि घण नसतो.

ओतीव तोफांत सगळ्यांत नावाजलेली विजापूरची मुलूख-ए-मैदान. १५४९ साली ती अहमदनगरला ओतली गेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यात राहिली आणि तिथून १६३२ मध्ये विजापुरात आली. लांबी साडेचार मीटरच्या जवळपास, तोंडाचे भोक ७० सेंटिमीटर, वजन ५५ टन. हत्ती गिळणाऱ्या सिंहाचा जबडा हे तिचे तोंड. इंग्रजी अमलात, १८५४ च्या सुमारास, ती लिलावात निघाली आणि बोली आली १५० रुपयांची. सुदैवाने तो सौदा रद्द झाला. आपल्या प्रमाणात ती अकरा ठोकळ्यांएवढी होते आणि भोक येते दोन उंचवट्यांएवढे. आणि वजन? इथे मुले हमखास फसतात. ५५ टनांना बेचाळीसने भागून चालत नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही घटतात, म्हणून बेचाळीसने तीनदा भागावे लागते. उत्तर येते सुमारे पाऊण किलो. एवढीशी धातूची तोफ पाऊण किलोची! शाळेत घनफळाचा धडा फळ्यावर होतो आणि परीक्षेनंतर विसरतो. हा पाऊण किलो हातावर तोललेला विसरत नाही.

अर्थात यावर आक्षेप येणार. पहिला मातीचा. दिवाळीचा किल्ला मातीचाच हवा, तिथे प्लॅस्टिक कशाला? आक्षेप रास्त आहे आणि किल्ला मातीचाच हवा. पण आज किल्ल्यावर प्लॅस्टिक आहेच. साच्यातल्या तोफा आणि सैनिक दुसऱ्या कशाचे असतात? फरक इतकाच की ते दोन दिवाळ्यांत मोडून कचऱ्यात जातात, ठोकळे मात्र दर वेळी सुटे होऊन डब्यात परततात. ज्याला ठोकळेही नकोत, त्याने सावंतवाडीच्या चितार आळीची वाट धरावी. लाकडी खेळणी करणारे हात तिथे अजून आहेत आणि मापे दिली तर चरकावर तोफेची नळी उतरवणे त्यांना जड नाही.

दुसरा आक्षेप हत्यारांचा. मुलांच्या हाती तोफा द्यायच्याच कशाला? या प्रश्नाने लेगोलाही सोडलेले नाही. आजच्या सैन्याची हत्यारे हुबेहूब बनवायची नाहीत असे तिचे धोरण आहे, आणि २०२० मध्ये लष्करी विमानाचा एक संच विक्रीच्या तोंडावर असताना कंपनीने मागे घेतला. तिचा १९७८ चा पहिला मोठा किल्ला पिवळाधमक होता. करड्या ठोकळ्यांतून मुले रणगाडे करतील म्हणून तो रंग टाळला, असे सांगतात. कोकणातल्या मुलांना या रंगाच्या अडचणीशी देणेघेणे नाही. आपले किल्ले जांभ्याचे, नवे असताना तांबडे आणि पावसाने काळवंडलेले. विनोद सोडला तरी आक्षेप उरतोच. त्याला उत्तर एवढेच, की साच्यातली तोफ हातात आली की मूल ‘ढिशांव’ करते, आणि स्वतः तोफ करायची वेळ आली की विचारते: हिला कान कशाला?

तोफेचे कान म्हणजे नळीच्या दोन्ही बाजूंना आलेले आडवे दांडे, ज्यांवर ती गाड्यात टेकते. ते अगदी मध्यावर नसतात. तोलाच्या जागेपेक्षा किंचित पुढे असतात, म्हणजे बूड जड राहून तोफ आपोआप मागे टेकते आणि तोंड वर-खाली करायला पाचर पुरते. ठोकळ्यांत कान तोलाच्या जागेच्या मागे लावले की तोफ नाकावर आपटते. हे पुस्तकात वाचण्यापेक्षा आपटलेली तोफ उचलताना जास्त लवकर कळते.

गाड्याचेही तसेच. जहाजावरचा गाडा बुटका, चार लहान चाकांचा. मैदानातला दोन मोठ्या चाकांचा. आपल्या गडांवरच्या बहुतेक तोफा आज गाड्याविना आहेत, जमिनीवर आडव्या किंवा गवतात अर्ध्या पुरलेल्या. सह्याद्री प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी अनेक गडांवर सागवानी गाडे करून तोफा उचलून ठेवल्या, ते मोठे काम. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर दोन तोफा चाकांच्या गाड्यांवर आहेत आणि त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचे नाव आहे. मराठ्यांच्या सागरी किल्ल्यावर इंग्रजी कारखान्याची तोफ काय करते, हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाला पडला तर त्याला इतिहास कळू लागला म्हणायचे.

विजयदुर्गाचा प्रश्न याहून अवघड. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांकडून वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हचे सैनिक हा किल्ला राखणाऱ्या तुळाजी आंग्र्यांवर चालून आले, तेही पेशव्यांशी संगनमत करून. खाडीत आंग्र्यांच्या गलबतांना आग लागली, ती एकाकडून दुसऱ्याकडे पसरली आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. इंग्रजांच्या हाती सुमारे २०० तोफा लागल्या. दोनशे तोफा असून किल्ला का पडला? याचे उत्तर घोषणेत मिळत नाही. ते आगीत आहे, दारूच्या कोठारात आहे, पुण्याच्या राजकारणात आहे. तटावर डझनभर सोनेरी तोफा टोचणाऱ्याला हा प्रश्न सुचत नाही. एकेक तोफ जुळवायला अर्धा दिवस घालवलेल्याला दोनशे हा आकडा किती मोठा आहे ते कळते.

म्हणून दोन साध्या मागण्या. किल्ले स्पर्धा भरवणाऱ्या शाळांनी आणि मंडळांनी रोषणाई आणि आकाराबरोबर मापातल्या एका तोफेला गुण ठेवावेत, आणि ती कुठल्या तोफेवरून केली ते मुलाकडून लिहून घ्यावे. दुसरी मागणी किल्ले सांभाळणाऱ्यांकडे: तोफेशेजारच्या फलकावर लांबी, तोंडाचा व्यास आणि घडणीची पद्धत एवढे तरी असावे. खर्च पाटीभर रंगाचा. तोवर देवगडचा किल्ला जामसंड्याहून जवळच आहे आणि शिंप्याची टेप कुठल्याही घरात सापडते. ठोकळे महागडेच हवेत असेही नाही. लेगोची जुनी पेटंटे केव्हाच संपली, ठोकळ्याचा आकार आपलाच असा तिचा दावा युरोपच्या न्यायालयाने २०१० मध्ये नाकारला, आणि त्याच मापाचे स्वस्त ठोकळे सगळीकडे मिळतात. घेताना भारतीय मानकाचा शिक्का तेवढा पाहावा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर तो सक्तीचा आहे.

तोफ तटावर चढली की घरातली एखादी आजी विचारणारच, “उडता काय रे ती?” उडत नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत ती बुरुजावर बसून राहते. मग किल्ला मोडतात, माती परत माडांच्या आळ्यात जाते, आणि सात गोल ठोकळे नळाखाली धुवायला येतात. जांभ्याची तांबडी माती त्यांच्या पोटातल्या पोकळीत जाऊन बसलेली असते, आणि जुन्या टूथब्रशने कितीही घासले तरी ती सगळी निघत नाही.